नानायच्या कानाचं मशीन

१

मनिलाच्या रावन बाजारात जे मिळत नाही ते जगात कुठेच मिळायचं नाही, असं फेर्मिन गिऱ्हाइकांना ठासून सांगायचा. रेडिओचे सुटे भाग, स्पीकरचे पडदे, कराओकेची बटणं, सगळं तिथे ढिगाने पडलेलं असायचं. बाजारामागच्या गल्लीत त्याचं घर होतं. घराच्या पुढच्या खोलीत एक आडवी फळी टाकलेली, फळीवर मीटर आणि सोल्डरची कांडी, एवढंच त्याचं दुकान. पाटी लावायचं त्याने कधी मनावर घेतलं नाही. तरी वाजवणारी मंडळी त्यालाच शोधत यायची, कारण एकदा त्याने दुरुस्त केलेली वस्तू परत त्याच दुखण्याने येत नसे.

आतल्या खिडकीशी, दुकानाकडे पाठ करून, वेताच्या खुर्चीत त्याची आई बसायची. तिचं नाव एउसेबिया, पण अख्खी गल्ली तिला आईच म्हणे, नानाय. फेर्मिनचं लग्न राहून गेलं होतं, त्यामुळे घरात ही दोघंच. नानाय ठार बहिरी होती. फेर्मिन ऐन पंचविशीत असताना तिचे कान गेले, आणि आता त्याचे केस पिकायला लागले होते. काही सांगायचं झालं की तो समोर जायचा, तिच्या खांद्याला हात लावायचा आणि ओठ मोठे करून बोलायचा. असं किती बोलणार? हळूहळू त्यांचं बोलणं जेव, झोप, औषध घे, इथवर येऊन थांबलं होतं. त्याचं फेर्मिनला वाईट वाटायचं, पण सवय झाली होती.

एफ्रेन आला तो अशाच एका सकाळी. लग्नात, जत्रांत, गावोगावच्या मांडवांत वाजवणाऱ्या एका बँडचा हा गिटारवाला. वयाने लहान, सडपातळ, सदा खोकणारा आणि सदा हसणारा. फेर्मिनला तो कुया म्हणायचा, म्हणजे दादा. त्याने पिशवीतून एक जाडजूड लोखंडी डबी काढून फळीवर ठेवली.

"कुया, पेशंट आणलाय. वाचव बाबा, नाहीतर शनिवारी मला तोंडाने वाजवायला लागेल."

ते गिटारचं पेडल होतं, खूप जुनं. वरचं बटण पायाने दाबायचं, मग गिटारचा सूर आतून जाताना भरदार, खरखरीत होऊन लांबत राहायचा. आत दोनच ट्रान्झिस्टर होते आणि त्यातला एक मेला होता. ट्रान्झिस्टर काय, पोत्याने मिळतात. पण हे जर्मेनियमचे, जुन्या काळचे. नवे घातले तर सूर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा निघतो. एफ्रेनला तोच जुना सूर हवा होता आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

फेर्मिन दिवसभर रावन पालथं घालून आला. ज्या बाजारात सगळं मिळतं तिथे हे मिळालं नाही.

२

जे यंत्र मेलं त्याचं सरपण करायचं, ही त्या बाजाराची रीत. तिथे शब्दच तो आहे. बंद पडलेला रेडिओ कोणी फेकत नाही. त्याचं लाकूड फोडल्यासारखे भाग सुटे करतात आणि दुसऱ्या यंत्रात घालतात. फेर्मिनच्या घरातला पंखासुद्धा तीन पंख्यांचा मिळून एक झालेला होता.

म्हणून खण उपसताना नानायचं कानाचं जुनं मशीन हाती लागलं, तेव्हा त्याला काहीच वाटलं नाही. सिगारेटच्या डबीएवढी ती पेटी नानायला नन्सच्या धर्मादाय दवाखान्यातून मिळाली होती. झग्याच्या खिशात पेटी आणि तिथून कानापर्यंत वायर, असं ती ते वापरायची. काही वर्षं चाललं, मग कानही गेले आणि मशीनही गेलं. त्याने झाकण काढलं. आत जर्मेनियमचे छोटे ट्रान्झिस्टर होते, आणि मीटर लावल्यावर त्यातला एक जिवंत निघाला.

नानायला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. ती तिकडे पाठ करून बसली होती आणि मशीन तर कधीचं मेलेलं होतं. ट्रान्झिस्टरला आच लागू नये म्हणून त्याने पाय चिमट्यात धरले, एकेक करून पेडलमध्ये सोल्डर केले आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी एफ्रेन आला. गिटार जोडून त्याने पेडलवर पाय दिला आणि एकच सूर लावला. सूर असा निघाला की शेजारचा कुलूपवाला हातातलं काम टाकून दारात आला. एफ्रेनने फेर्मिनचं डोकं धरून त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

फेर्मिन मात्र नानायकडे बघत होता. तिचा हात झग्याच्या खिशाशी गेला होता. अंगठा आणि तर्जनी मिळून ती तिथे काहीतरी अगदी हळू फिरवत होती, आवाज कमी करायला मशीनचं बटण फिरवावं तसं. खिशात काही नव्हतं. झग्याला खिसाच नव्हता.

जुनी सवय, तो मनाशी म्हणाला. त्याने काल ते मशीन उघडलं, म्हणून आज त्याला तसं दिसलं, एवढंच.

३

शनिवारी एफ्रेन बँडबरोबर शेजारच्या लागुना प्रांतातल्या एका जत्रेला गेला. रविवारी सकाळी मनिलात लख्ख ऊन होतं. फेर्मिन भात परतत होता आणि नानाय खिडकीशी बसून म्हणाली, "काय हा पाऊस. पत्र्यावर नुसता धो धो."

आधी त्याचं लक्षच गेलं नाही. नानाय अधूनमधून आपल्याशीच बोलायची. थोड्या वेळाने ती हसायला लागली. "अरे धरा त्या कोंबडीला," ती म्हणाली, "सीटखाली गेली बघा."

फेर्मिन स्टोव्ह बंद करून तिच्यामागे जाऊन उभा राहिला. मोठ्याने टाळी वाजवली. ती हलली नाही. जर्मनचं ताट उचलून फरशीवर सोडलं. शेजारी ओरडले, पण नानायची पापणीसुद्धा लवली नाही. ती मान किंचित तिरकी करून, दाराआडचं बोलणं ऐकावं तशी बसली होती.

त्याने तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण आणि दमलेला होता. त्याने कानात बॅटरी मारून पाहिली आणि सांगितलं, कानात काही उरलेलं नाही, आणि ऐकू येतंय असं वाटणं हे वयाचं आहे. जेवतात ना नीट? मग काळजी नको. फेर्मिनलाही हेच ऐकायचं होतं. औषधाची चिठ्ठी खिशात घालून तो हलक्या मनाने घरी आला. परतीच्या जीपनीत, माणसांनी गच्च भरलेल्या त्या गाडीत, नानाय सबंध वेळ कोणाला तरी थोपटत होती.

४

सोमवारी बँडला सुट्टी. पेडलची एक वायर सैल झाली म्हणून एफ्रेन आला. दुपारचे दिवे गेले होते, त्या वर्षी मनिलात रोजच जायचे. पंखा थांबलेला. एफ्रेन फळीशी टेकून कोणत्यातरी लग्नातल्या नवऱ्याची गोष्ट सांगत होता, की तो मांडवात कसा झोपला आणि नवरीने त्याला बुटाचं टोक कसं मारलं.

"चांगलं केलं तिने," नानाय म्हणाली.

तिची पाठ होती. फेर्मिनने नानायला नुसती "नाय?" अशी हाक मारली, अगदी हळू.

नानाय खुर्चीतच वळली. "तुझा आवाज बापासारखा झालाय रे," ती म्हणाली. "मला कोणी सांगितलंच नाही."

पन्नाशीला आलेला माणूस गिऱ्हाइकादेखत रडला. एफ्रेन छताकडे बघत राहिला. मग फेर्मिनने त्याला पाऊस आणि कोंबडी सांगितली, आणि एफ्रेनचा चेहरा उतरला. शनिवारी रात्रीपासून रविवारी सकाळपर्यंत लागुनात पाऊस होता. यजमानांनी बँडला जिवंत कोंबडी भेट दिली होती, ती येताना व्हॅनमध्ये सुटली होती आणि एफ्रेननेच ती सीटखालून काढली होती. पेडल त्याच्या मांडीवर होतं.

फेर्मिनपेक्षा त्यालाच आधी उमगलं. न बोलता त्याने पेडल उचललं आणि गल्लीच्या टोकाला गेला. तो निघाला तशी नानाय पुन्हा हाकांना बहिरी झाली; फेर्मिन कानाशी ओरडला तरी काही नाही. मात्र थोड्या वेळाने ती खुदकन हसली. "म्हणतोय, तुमचा मुलगा भात करपवतो."

परत आलेल्या एफ्रेनने तेच सांगितलं. पेडलला तोंड लावून, कुजबुजून.

पेडल जिथे, तिथलं नानायला ऐकू येत होतं. बॅटरी काढली तरी येत होतं. असं होऊ शकत नाही हे फेर्मिनपेक्षा जास्त कोणाला माहीत? आयुष्यभर त्याने ट्रान्झिस्टर बदलले होते. पण आई समोर बसून त्याच्या आवाजाने हरखली होती, आणि या सुखापुढे त्याला आपली अक्कल चालवायची नव्हती. पेडल ठेवून जा, असं तो एफ्रेनला म्हणाला. एफ्रेन म्हणाला, हा सूर ऐकूनच तर आम्हाला बोलावणी यायला लागलीत, घरात लहान पोर आहे. असाच सूर देणारा दुसरा ट्रान्झिस्टर मिळाला की हा लगेच काढून घे, आणि तोवर दर सोमवारी मी पेडल घेऊन येतो. तो शब्दाला जागला.

५

ते सोमवार फेर्मिनच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस. एफ्रेन पेडल मांडीवर घेऊन बसायचा आणि मायलेक बोलायची. बापाचं आजारपण, विकलेलं घर, फेर्मिनने ज्या मुलीला विचारायचं राहून गेलं ती मुलगी, सगळं. एफ्रेन मध्येच म्हणायचा, मी कान झाकून घेऊ का?

बाकीचे दिवस मात्र नानाय घरात नसे. अंगाने असायची. मन एफ्रेनच्या घरी, कालोओकानमध्ये, जिथे पेडल पलंगाखाली पडलेलं असायचं. एफ्रेनची बायको मिला भांडी घासताना गायची, ते गाणं इकडे नानाय गुणगुणायची. त्यांचं लहान पोर, तोतोय, रडलं की हिचे हात रिकाम्या मांडीवर थोपटत राहायचे. रस्त्यावर रात्री कुत्री भुंकली की ही जागी, आणि ती कुत्री पाच-सहा मैलांवरची. फेर्मिन समोर येऊन ओठ हलवायचा तेव्हा ती त्याला हातानेच बाजूला सारायची. ओठ वाचायची तिला आता गरज वाटत नव्हती. तिच्या डोळ्यांखाली काळं धरलं. पण मशीनचा भाग परत काढू का, असं त्याने एका सोमवारी विचारलं तेव्हा ती घाबरून गेली.

"नको रे," ती म्हणाली. "तिथे माणसं बोलतात."

इथे कोणी बोलत नव्हतं, असं ती म्हणाली नाही. फेर्मिनला ते तसंच ऐकू आलं आणि जिव्हारी लागलं.

मग एफ्रेनचा खोकला वाढला. मिलाच्या आधी तो नानायने ओळखला. "त्याच्या छातीत पाणी झालंय," ती सांगायची. त्याने अंथरूण धरलं, सोमवार बंद झाले. फेर्मिन भेटायला जायचा तेव्हा जाता जाता पलंगाखाली वाकून पेडलला सांगायचा, नाय, भात झाकून ठेवलाय, खा. एफ्रेनला हसू यायचं आणि हसता हसता ढास लागायची.

६

एके दिवशी सकाळी पाव आणि कॉफी मांडून फेर्मिन बसला, तर नानायने हात वर केला. गप्प बस, असा. खोलीत आवाजच नव्हता.

ती ऐकत राहिली. तिचा श्वास कोणाच्या तरी श्वासाबरोबर चालला होता. लांब, मग अडखळत, मग पुन्हा लांब. फेर्मिनने कॉफीचा पेला खाली ठेवला. नानायची छाती वर आली आणि तशीच राहिली. मग तिने सावकाश श्वास सोडला. तो तिचा एकटीचा होता.

"थांबला," ती म्हणाली.

तो तसाच निघाला. जीपनी मुंगीच्या पावलांनी चालली होती. कालोओकानच्या त्या गल्लीत मिला नळाशी कपडे पिळत होती, पोर शेजारी पाण्यात खेळत होतं. त्याला बघून तिने हसून मान हलवली.

"एवढ्या सकाळी, कुया? झोपलाय अजून. आज बरी झोप लागलीय त्याला, खोकला नाही काही नाही. बसा, उठवते."

तिने हात झग्याला पुसले. नको उठवू, असं फेर्मिनला म्हणायचं होतं. ती आत गेली आणि तो नळाशी उभा राहिला. नळ तसाच वाहत होता, म्हणून त्याने तो बंद केला.

७

घरातच शवपेटी ठेवली होती, वर काच, बाजूला फुलं आणि विजेचे दिवे. दुपारची वेळ. अंगणात बँडची मंडळी पत्ते खेळत होती, कोणीतरी बिस्किटं आणि कॉफी फिरवत होतं. फेर्मिनने काचेतून पाहिलं. एफ्रेनला पांढरा सदरा घातला होता. पायाशी, बुटांना टेकून, पेडल होतं.

गिटार पोरासाठी ठेवली, पण पेडल त्याच्या पायाचं, असं बँडवाल्यांनी ठरवलं होतं. मयताला दिलेलं परत घ्यायचं नाही, असं एका म्हाताऱ्या आत्याने फेर्मिनला आधीच बजावलं. पण त्याला आता फक्त एवढंच दिसत होतं, की ती डबी हातची गेली तर नानाय त्याचा आवाज पुन्हा कधीच ऐकणार नाही. तो मिलाजवळ बसला. पेडलच्या बदल्यात दुसरं काहीही दे म्हणाला. तिला कळेना. शेवटी त्याने खरं ते सांगितलं, मशीनपासून खोकल्यापर्यंत सगळं. ती आपल्याला वेड्यात काढील, किंवा हाकलून देईल, अशी त्याची अपेक्षा होती.

मिला रडायची थांबली. तिच्या तोंडावर आशा दिसली.

"म्हणजे तो जिथे असेल तिथलं त्यांना ऐकू येईल?"

"मिला, तसं नाही..."

"मग तर ते त्याच्याबरोबरच जाऊ दे, कुया. एकटा नको पडायला. काही बोलला तर मला येऊन सांगा."

खरं सांगून त्याने स्वतःच कुलूप लावलं होतं. तो उठला. मयताघरचं माणूस पाहुण्याला दारापर्यंत पोचवत नाही, म्हणून मिला जागची उठली नाही. आणि मयताकडून थेट घरी जायचं नाही, म्हणून तो वाटेत एका बेकरीत थांबला, उगाचच पाव घेतले आणि मग घरी गेला. सगळे नियम पाळले त्याने.

८

तिथल्या कबरस्तानात गरिबाला जमीन मिळत नाही, भिंत मिळते. एकावर एक कप्पे, कपाटासारखे. पेटी आत सरकवायची आणि तोंड सिमेंटने लिंपायचं. भाडं पाच वर्षांचं, तोवर कप्पा उघडता येत नाही. एफ्रेनला खालून दुसरा कप्पा मिळाला.

गवंड्याने शेवटची वीट बसवली तेव्हा घरी नानाय डोळे मिटून स्वस्थ बसली होती, असं शेजारणीने सांगितलं. त्यानंतर ती शांत झोपायला लागली. जेवायला लागली. डोळ्यांखालचं काळं गेलं. "काही ऐकू येतं का?" असं फेर्मिन ओठांनी विचारायचा. ती मान हलवून नाही म्हणायची. तिथे बंद आहे, म्हणायची, आणि तिचा चेहरा पडायचा. मिला दर सोमवारी यायची, तोच प्रश्न विचारायची, तेच उत्तर घेऊन जायची.

एका दुपारी फेर्मिन मेणबत्ती लावायला म्हणून कबरस्तानात गेला. आजूबाजूला बायाबाप्ये आपापल्या भिंतींशी बोलत होती. मुलाचा निकाल, सुनेची तक्रार, काय काय. तिथे कोणाला त्याचं नवल नसतं. फेर्मिनने इकडेतिकडे पाहिलं, सिमेंटला ओठ लावले आणि म्हणाला, "नाय, येताना भाजलेले शेंगदाणे आणू का?"

घरी पोचला तर नानाय दारात उभी होती. "आण म्हटलं तर रिकाम्या हाताने आलास," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मग तो रोज जायला लागला. दुकान दुपारी बंद. त्या भिंतीला टेकून तो बोलत बसायचा. काय काय दुरुस्तीला आलं, कोणाशी वाजलं, संध्याकाळी काय शिजवणार. आत ऐकणारं दुसरं कोणी नाही याची त्याला खात्री होती. एफ्रेनची तर त्याने हसून माफीही मागितली, की बाबा, तुझी झोपमोड करतोय. त्याने त्या भिंतीला आपला आवाज दिला, रोज थोडा थोडा, प्रेमाने. त्याच्या जागी कोणीही हेच केलं असतं.

९

त्या दिवशी एका हॉटेलचे मोठे स्पीकर दुरुस्तीला आले आणि दुपार त्यात गेली. तो गेला नाही. संध्याकाळी ताटं मांडताना नानाय म्हणाली, "आज छान बोललास."

फेर्मिनचा हात थांबला.

"घाई नव्हती आज तुला. नाहीतर आपला उठतोस, जीपनी चुकेल म्हणून."

काय बोललो, असं त्याने ओठांनी विचारलं. ती आठवू लागली. जेवलीस का विचारलंस. थंडी वाजते का विचारलंस. माझं नाव घेतलंस दोन-तीनदा. "तसं नावाने कशाला रे हाक मारतोस आईला?" ती म्हणाली, पण रागावली नव्हती.

कालचं आज आठवलं असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. म्हातारं माणूस, दिवसांची सरमिसळ होते. खात्री करायला तो दुसऱ्या दिवशी मुद्दाम घरातच तिच्यासमोर बसून राहिला, दोन्ही हात टेबलावर. दुपारी तिची मान तिरकी झाली. ओठांवर हसू आलं. ती फेर्मिनच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

"हो रे," ती म्हणाली. "इथेच आहे. कुठे जाणार मी?"

फेर्मिनने मागे वळून पाहिलं. बाहेर गल्लीत कोणीतरी बर्फाची लादी फोडत होतं. खोलीत सगळं रोजच्यासारखंच होतं, त्यामुळे पळून तरी कशापासून जायचं हे त्याला कळेना.

"आधी जरा चुकायचास," नानाय त्याला समजावल्यासारखी म्हणाली. "शब्दांना फार वेळ लागायचा. आता अगदी तुझ्यासारखं बोलतोस."

१०

तो कबरस्तानाच्या रखवालदाराकडे गेला. पाच वर्षांआधी भिंत फोडायची तर घरच्यांची संमती हवी, कोर्टाचा कागद हवा. तो मिलाकडे गेला. मी रोज भिंतीशी बोलायचो, पण आता आत जे बोलतंय ते मी नाही, असं त्याने तिला सांगितलं, आणि सांगताक्षणी चूक कळली. मिला पोराला कडेवर घेऊन ऐकत होती. तिचे डोळे चमकले.

"तुम्ही नाही, तर मग तोच असणार ना, कुया," ती म्हणाली. "दुसरं कोण आहे तिथे?"

दुसऱ्या दिवसापासून ती भिंतीला कान लावून बसायला लागली. तिला काही ऐकू यायचं नाही. फेर्मिननेही एकदा कान लावून पाहिला. सिमेंट उन्हाने तापलेलं होतं, आत काही नव्हतं. काही नाही म्हणजे इतकं काही नाही, की त्याला वाटलं, आत कोणीतरी श्वास रोखून धरलाय. तो उठून चालायला लागला आणि मग धावला.

घरी त्याने नानायच्या कानांवर हात ठेवून पाहिले, उशा बांधून पाहिल्या. उपयोग नव्हता, ते कानांनी येतच नव्हतं. रिकामं कानाचं मशीन त्याने हातोडीने चुरून टाकलं, त्यानेही काही झालं नाही. तिला त्याने पाटीवर लिहून दाखवलं, अक्षरं मोठी काढून: तो मी नाही. नानायने वाचलं. बराच वेळ पाटीकडे पाहिलं, मग नम्रपणे ती परत केली, जशी चुकून आपल्याकडे आलेली दुसऱ्याची वस्तू करावी.

आता ती दिवसभर त्या आवाजाशी बोलते. पूर्वी नव्हती इतकी सुखात आहे. जेवण कमी झालंय. काल तिने पेटीतून चांगला झगा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. कशासाठी, असं फेर्मिनने विचारलं, पण ती त्याच्या ओठांकडे बघत नाही.

"जागा केलीय म्हणतोस?" ती मघाशी म्हणाली. "दोघांना पुरेल ना रे? बरं. बरं."

फेर्मिन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवला. वीस-पंचवीस वर्षं त्याला येत होती तीच एक भाषा. ओठ मोठे करून तो म्हणाला: नाय. मी इथे आहे. माझ्याकडे बघ. मी फेर्मिन.

नानायने त्याच्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकांकडे ती पाहायची तसं, अदबीने, थोडं अवघडून. मग आपला चेहरा हलकेच सोडवून घेतला आणि तिरकी मान पुन्हा खिडकीकडे केली.

"जरा थांबता का हो?" ती म्हणाली. "माझा मुलगा बोलतोय."